बंगळूरचा फॉर्म

कॉलेजच्या स्टाफरूममध्ये दर पावसाळ्याच्या शेवटी सात-आठ बेवारस छत्र्या माझ्याकडं जमायच्या. न्यायला कुणी येत नसे आणि टाकून देववत नसे. माझ्याकडचे किस्से तसेच. ज्यांचे आहेत ते आता मोठे झाले, विचारलं तर आम्ही तिथं नव्हतोच म्हणतील. इथं सोलापुरात सात रस्त्याच्या कट्ट्यावरची मंडळी म्हणतात, निवृत्तीमामा, लिहून काढा. माझी शाळा चौथीपर्यंत. लिहितो तसं वाचा, शुद्धलेखनाच्या चुका काढू नका.

मी मानसशास्त्र खात्याचा शिपाई. खातं म्हणजे एक खोली, एक कपाट आणि एक सर. सत्तरच्या पुढची सालं होती. पोरांच्या डोक्यात क्लिनिकलची पीएचडी शिरली होती. म्हणजे मनाच्या आजाराचा डॉक्टर व्हायचं, सुई न टोचता. ते शिक्षण बंगळूरच्या मनाच्या दवाखान्यात, तिथं फॉर्म पाठवायचा. आमच्याकडून दर साली दोन-तीन फॉर्म जात, पोरगं एकही जात नसे. सर स्वतः तीनदा मुलाखत देऊन हात हलवत परत आलेले. म्हणून मुलाखत कशी द्यावी यावर दर शनिवारी त्यांचं लेक्चर.

त्या साली दोघं होते. करमाळ्याचा दत्ता, बंगळूर आपल्यावाचून अडून बसलंय अशा थाटात फिरणारा. आणि पूर्व भागातली पद्मा, नरसय्या चादरवाल्याची थोरली. घरात चार माग. बापानं तिला सांगून टाकलं होतं, "हा एक फॉर्म भर. नंबर लागला तर जा. तवर मी स्थळं बघणार, आणि आधी स्थळ जमलं तर लग्न. पुन्हा फॉर्म न्हाय." नरसय्या शब्दाचा पक्का माणूस. पोरीला ते ठाऊक होतं.

*

फॉर्मला शिफारसपत्र लागतं. सरांचं पत्र वर्षानुवर्षं एकच, नाव तेवढं बदलायचं. मला इंग्रजी येत नाही, पण दोन कागद सारखे आहेत एवढं बघून कळतं. टायपिस्टाला अर्थ विचारला. म्हणाला, "माझ्या उभ्या नोकरीत भेटलेला सर्वांत हुशार विद्यार्थी." दत्ताचंही तेच, पद्माचंही तेच.

मी सरांना म्हटलं, "सर, दोघंबी सर्वांत हुशार कसे?"

सर पेपरातनं डोकं वर न काढता म्हणाले, "निवृत्ती, लिफाफे वेगळे आहेत."

*

मग एका पेशंटचा तपासलेला अहवाल जोडायचा होता. सोलापुरात मनाचा पेशंट म्हणून बसायला कोण तयार होणार? घरचे लपवतात, नाहीतर देवऋष्याकडं नेतात. सरांनी मलाच स्टुलावर बसवलं. सकाळी दत्ताचा पेशंट, दुपारी पद्माचा.

शाईच्या डागांची कार्डं दाखवायची आणि विचारायचं, काय दिसतं. आमचं घर सांगोल्याकडचं, मेंढरांचं. पहिल्या कार्डात मला सोललेलं कातडं दिसलं. दुसऱ्यातही कातडंच. तिसऱ्यात दोन मेंढरं टकरा घेताना. जे दिसलं ते सांगितलं.

दत्तानं अहवाल लिहिला, पेशंट हिंसक आहे, एकटं सोडू नये. दुसऱ्या दिवसापासून गडी माझ्याकडनं चहा घेताना दारातच उभा राहायला लागला.

पद्मानं लिहिलं, पेशंट मेंढपाळ घरातला आहे, त्याला आजार नाही.

सर चिडले. "आजार नाही तर केस कसली? काहीतरी घाल."

ती माझ्याकडं वळली. "मामा, तुम्हाला काही त्रास होतो का?"

"व्हतो की. पर तो हितं नोकरीला लागल्यापासनं."

तिनं ते तसंच लिहून पाठवलं.

*

फॉर्ममध्ये एक पान कोरं होतं. हे शिक्षण का घ्यायचंय ते लिहा. दत्तानं मानवजातीची सेवा लिहिली. सरांनी सांगितलेलीच, पण अक्षर चांगलं.

पद्मानं लिहून आणलं आणि मला वाचून दाखवलं. त्यांच्या मागावर एक कामगार होता. एके दिवशी त्याचा धागा तुटला. तो त्यानं बांधला, सोडला, परत बांधला. मग दिवसभर तेच. लोकांनी अंगावर गार पाणी ओतलं, अंगारा लावला, शेवटी गावाकडं धाडून दिला. ती तेव्हा दहा वर्षांची. काय होतंय, असं त्याला कुणी विचारलंच नाही, एवढं सांगून पान संपलं होतं.

सर म्हणाले, "हे घरगुती आहे. शास्त्रीय लिही."

मी म्हटलं, "सर, वाचणारा जागा तरी राहील."

"तुला काय कळतं?"

"मला कळलं, म्हणूनच म्हणतो."

पद्मानं दोन्ही पानं टाइप करून घेतली. सरांचं पान सरांना दाखवलं आणि आपलं पाकिटात घातलं. पाकीट चिकटवायला मीच खळ दिली होती.

*

राहिला सही-शिक्का. नकला खऱ्या आणि पोरगी चांगल्या चालीची, असं गॅझेटेड अधिकाऱ्यानं लिहून द्यायचं. एक साहेब रजेवर. दुसऱ्यांनी चार दिवस "उद्या या" म्हणून खेटे घालायला लावले. मुदतीला दोन दिवस उरले तेव्हा पोरगी जिन्यावर बसून रडायला लागली. मी म्हटलं, ऊठ. आमच्या मेंढरांचा सरकारी डॉक्टर होता, तोही गॅझेटेडच.

आम्ही गेलो तेव्हा डॉक्टर म्हशीच्या मागं उभे, कोपरापर्यंत हात आत.

"काय रं निवृत्ती?"

"साहेब, ह्या पोरीचा दाखला."

"थांब, आधी ही मोकळी होऊ दे."

म्हैस मोकळी झाली. हात धुऊन आले, कागद घेतले आणि एक-एक वाचत बसले. मग म्हणाले, "मी या मुलीला ओळखतो, असं लिहावं लागतं. मी हिला कुटं ओळखतो?"

"मला वळखता की."

"तुलाबी न्हाय. तुझी मेंढरं ओळखतो."

"मेंढरं माझी, पोरगी माझ्या कॉलेजची. आणखी किती ओळख पायजे?"

सही झाली. शिक्का गुरांच्या दवाखान्याचा. सरांनी बघितला आणि कपाळाला हात लावला. "माणसाच्या मनाच्या अभ्यासाला जनावरांच्या डॉक्टरचा दाखला?"

पद्मा म्हणाली, "सर, त्यांनी वाचून सही केली."

*

फॉर्म गेला. इकडं नरसय्यानं स्थळ आणलं. सुताच्या व्यापाऱ्याचा मुलगा, घर भरलेलं. मंडळी मुलगी बघून गेली, पसंत पडली. शुक्रवारी सुपारी फोडायची ठरली. पद्मा कॉलेजात आली, पुस्तकं परत केली आणि गेली.

बुधवारी भरदुपारी तिच्या गल्लीत पोस्टमन आला. मोठं लांब पाकीट, वर दवाखान्याचं नाव छापलेलं. त्यानं गल्लीच्या तोंडाशीच सायकल लावली आणि घरापर्यंत ओरडत गेला, "पद्माला वेड्यांच्या दवाखान्याचं बोलावणं! सही करून घ्यायला या!" माग थांबले. बाया दारात आल्या. दिवेलागणीपर्यंत सगळ्या पूर्व भागाला कळलं.

संध्याकाळी मुलाचा काका आला. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"मुलीला कधीपासून आहे?"

नरसय्या म्हणाला, "काय कधीपासनं?"

"आधी सांगायला हवं होतं तुम्ही."

"अहो, ती तिथं डॉक्टर व्हायला जाणार."

काकानं चपला पायात घातल्या. "घरचे असंच सांगतात."

दुसऱ्या दिवशी नरसय्या कॉलेजात येऊन माझ्या स्टुलावर बसला. चेहरा उतरलेला. "मामा, मी घरोघर जाऊन सांगतोय, पोरगी चांगली हाय. जितकं सांगतो तितकं लोक जास्त मान हलवतात. आता एकच विलाज. तिला तिकडं पाठवतो. डॉक्टरचा कागद घेऊन आली की गल्लीत लावून ठेवीन."

मुलाखतीला तो स्वतः तिला घेऊन गेला. पाचजण समोर बसले होते म्हणे, त्यांनी तासभर फक्त त्या धाग्याचंच विचारलं. नंबर लागला. दत्ताला मुलाखतीचं पत्रसुद्धा आलं नाही.

ट्रंक घेऊन ती कायमची निघाली तेव्हा मी स्टेशनवर गेलो. नरसय्या पाण्याचा तांब्या भरायला नळावर गेला होता. माझ्या मनात एक गोष्ट टोचत होती, ती मी खिडकीपाशी जाऊन विचारली.

"पद्मे, सगळी पत्रं खात्यात यावीत म्हणून फॉर्मवर कॉलेजचा पत्ता घालायचा असतो. दत्तानं तोच घातला. तुझं पत्र घरी कसं आलं?"

तिनं नळाकडं बघितलं. बाप रांगेत होता.

"मामा," ती म्हणाली, "आमच्या पोस्टमनला माझ्याकडून एक चहा पाजा. म्हणावं, आवाज शेवटच्या घरापर्यंत गेला."