हाताच्या मापाची मूठ

दुकानात कुठलीही वस्तू उचलली की चंद्रशेखर आधी तिची मूठ बघायचा. छत्री असो, इस्त्री असो, नाहीतर कढई. हातात काहीही धरलं तरी तर्जनी सरळ ठेवायचा. वरण वाढतानासुद्धा ती डावाच्या दांड्यावर ताठ असायची. घराला कुलूप लावलं की मोठ्याने "बंद" म्हणायचा, आजूबाजूला कुणी नसलं तरी. कोणता कचरा कोणत्या डब्यात टाकायचा याचं पत्रक त्याने पेन घेऊन वाचलं होतं. फोटो काढताना कायम कडेला उभा राहायचा. मध्ये उभं राहिलं की मागचं कुणीतरी झाकलं जातं, असं त्याचं म्हणणं.

सरिताला नवऱ्याच्या या सवयी पाठ होत्या. तर्जनीची सवय पिस्तुलामुळे लागली होती, नेम धरेपर्यंत बोट चापावर न्यायचं नाही म्हणून. बाकीच्या लग्नापासूनच्या.

चंद्रशेखर मूळचा कराडचा. जर्मनीत नेकारसुल्मच्या मोटारीच्या कारखान्याला ब्रेकचे भाग पुरवणारी एक लहान कंपनी होती, तिच्यात तो चाचणी विभागात इंजिनिअर होता. अबोल माणूस. ऑफिसात क्नाप नावाचा सहकारी होता, त्याने एका शनिवारी त्याला द्राक्षमळ्यांपलीकडच्या नेमबाजीच्या क्लबात नेलं. तिथे एका जागी उभं राहून नेम धरायचा नसतो. भोंगा वाजला की धावायचं, लाकडी दार ढकलायचं, खिडकीतून, भिंतीच्या कडेवरून कागदाच्या आणि पोलादाच्या लक्ष्यांवर गोळ्या झाडायच्या. वेळही मोजतात आणि नेमही. नळी जरा चुकीच्या दिशेला वळली तर जगज्जेत्यालाही त्याच क्षणी घरी पाठवतात.

हे शेवटचं वाक्य त्याने घरी आल्यावर दोनदा सांगितलं. सरिताला तेव्हाच कळलं, हा माणूस आता तिथला झाला.

जर्मनीत पिस्तूल सहज मिळत नाही. क्लबात वर्षभर नियमित जावं लागतं, परीक्षा द्यावी लागते, गरज सिद्ध करावी लागते. एवढं करून सुरुवातीला दोनच पिस्तुलं ठेवता येतात. त्यामुळे कोणत्या विभागात खेळायचं ते आधी ठरवायचं आणि मग पिस्तूल. चंद्रशेखरने हे ठरवायला दोन वर्षं घेतली.

'ओपन'मध्ये सगळं चालतं. वर लाल ठिपक्याची काच, तोंडाशी झटका कमी करणारा तुकडा. तो म्हणाला, ही शर्यतीची गाडी झाली, इथे माणूस किती आणि गाडी किती ते कळत नाही. 'स्टँडर्ड'मध्ये जोरदार गोळी वापरली तर कडेच्या नेमालाही जास्त गुण, पण दणका मनगटात बसतो. 'क्लासिक'चं जुन्या घडणीचं सडपातळ पिस्तूल त्याच्या लहान हाताला आवडलं. पण त्यात गोळ्या कमी, सारखं मॅगझिन बदलत राहायचं. रिव्हॉल्व्हरवाला क्लबात एकच म्हातारा होता आणि तो स्वतःशीच स्पर्धा करायचा. उरला 'प्रॉडक्शन'. कारखान्यातून आलं तसं पिस्तूल, मोजके बदल सोडले तर काही करायचं नाही, आणि गोळ्या सगळ्यांना सारख्याच.

"मला बघायला आलात तेव्हा चहा संपायच्या आत हो म्हणालात," सरिता एकदा म्हणाली. "आणि याला दोन वर्षं?"

"तू प्रॉडक्शन," तो म्हणाला. "आहे तशी घ्यायची."

त्या वाक्यावर ती आठवडाभर हसत होती.

विभाग ठरला, पण पिस्तूल ठरेना. त्याची बोटं आखूड. बऱ्याच पिस्तुलांचा चाप त्याला लांब पडायचा. मग त्याने आपली पद्धत काढली. क्लबातल्या पिस्तुलांच्या मुठी तो मोजून आणायचा आणि केलरमध्ये, म्हणजे तळघरात, शेगड्याच्या पोलादी जबड्यात बीचच्या लाकडाचा ठोकळा आवळून कानशीने तशीच मूठ घडवायचा. नुसती मूठ, पुढे नळी नाही. चाप जिथे येईल तिथे एक खिळा. टीव्ही बघताना ती मूठ हातात. फोनवर आईशी बोलताना हातात. मुलगी तनया मैत्रिणींना सांगायची, पापा लाकडाचे बटाटे करतात. जर्मनमध्ये सांगायची, मराठी तिला कळते, पण उत्तर जर्मनमध्येच येतं. अशा पाच मुठी झाल्या. पाचवी हातात बसली. ती एका चेक पोलादी पिस्तुलाची होती. ते त्याने घेतलं.

मोठं बक्षीस त्याला कधी मिळालं नाही. यादीत तो मधे कुठेतरी असायचा. पण शनिवारी संध्याकाळी घरी यायचा तेव्हा त्याचे खांदे खाली आलेले असायचे, आणि सरिताला तेवढं पुरायचं.

मग सत्तेचाळिसाव्या वर्षी नळीच्या टोकाची माशी, जिच्यावरून नेम धरतात ती, धूसर दिसायला लागली. आता परत निवड. चष्मा करून आहे तिथेच राहायचं, की प्रॉडक्शनच्याच लाल ठिपक्याच्या विभागात जायचं? त्यासाठी दुसरं पिस्तूल लागणार. क्नाप म्हणाला, ठिपका घे, डोळ्याशी भांडून काय मिळणार. चंद्रशेखरने शेगड्यात सहावा ठोकळा लावला.

त्याच वर्षी तिथल्या मराठी मंडळाचा दसरा त्यांच्या घरी होता.

मंडळाचे सचिव शशिकांत. पुण्याचे, सॉफ्टवेअरमध्ये, बोलायला कुणाला हार न जाणारे. चंद्रशेखरला ते 'कमांडो' म्हणायचे. पाटावर सरिताने लॅपटॉप, सुऱ्या, शिवणाची कात्री आणि चंद्रशेखरचा व्हर्नियर मांडला होता. शशिकांत म्हणाले, घरात खरं शस्त्र आहे आणि आपण कांदा कापायची सुरी पुजतोय. सगळे हसले. चंद्रशेखर नको म्हणाला. शशिकांत म्हणाले, कमांडोच्या तिजोरीत बहुतेक लोणचं असेल. परत सगळे हसले.

कराडला त्याच्या वडिलांचं वेल्डिंगचं दुकान होतं. खंडेनवमीला ते टॉर्चलासुद्धा झेंडूची माळ घालायचे. त्या दिवशी दुकानात कुणी आवाज चढवायचा नाही. हे सरिताला माहीत होतं. म्हणून चंद्रशेखर केलरकडे निघाला तेव्हा तिने त्याला अडवलं नाही.

त्याने पिस्तूल आणलं. मॅगझिन काढलेलं, वरचा भाग मागे अडकवलेला, आत काही नाही हे बोट घालून तपासलेलं. गोळ्या खाली तिजोरीतच. तो पाटाशी गुडघ्यावर बसला आणि डावा हात मुठीवर ठेवला. पूजा संपून पिस्तूल परत तिजोरीत जाईपर्यंत त्याने तो हात उचलला नाही. सरिताने कुंकू लावलं ते नळीला, हाताला चुकवून. शशिकांतच्या चार वर्षांच्या मुलाने, कबीरने, झेंडूचं फूल वाहिलं. शशिकांतने फोटो काढला.

मंडळाच्या पानावर फोटो टाकायचा तर चौकोनी लागतो. कडेची मूठ आणि कडेचा हात चौकटीबाहेर गेले. राहिलं काय, तर पाट, पोलादी नळी आणि तिच्याकडे जाणारा लहान मुलाचा हात.

तो फोटो शस्त्रपरवान्याच्या कचेरीत कुणी पाठवला ते शेवटपर्यंत कळलं नाही.

दोन माणसं आली. नम्र होती. दाराशी त्यांनी आपणहून बूट काढले. फोटो छापून आणला होता. चंद्रशेखरने सगळं सांगितलं, विचारलं नव्हतं तेही. हात कुठे होता ते टेबलावर ठेवून दाखवलं. तनया जिन्यात उभी होती. "पापा वार डोख दा," ती म्हणाली. पापा तिथेच होते. मोठा अधिकारी तिच्याकडे बघून हसला. त्याने ते लिहून घेतलं नाही. पिस्तूल ते घेऊन गेले.

पुढे पत्र आलं. शस्त्र लहान मुलाच्या हाताशी मोकळं सोडणारा माणूस विश्वासार्ह मानता येत नाही, परवाना रद्द का करू नये ते ठरलेल्या मुदतीत कळवा. चंद्रशेखरने पत्र टेबलावर ठेवलं. "विश्वासार्ह," तो एकदा म्हणाला. कचऱ्याचं पत्रक पेन घेऊन वाचणारा माणूस.

हाइलब्रोनचा वकील म्हणाला, बायकोच्या सांगण्याला फारसं वजन नाही. मूळ फोटो आणा. त्यात हात असेल तर बोलता येईल. निदान फोटो काढणाऱ्याच्या दोन ओळी.

चंद्रशेखरने शशिकांतला फोन केला. फोन बदलला, जुने फोटो गेले, असं उत्तर मिळालं. बाकीच्या पाहुण्यांना विचारलं तर म्हणे तेव्हा सगळेच जेवत होते. मग सरिता स्वतः शशिकांतच्या घरी गेली. ऊर्मिलाने, त्यांच्या बायकोने, चहा केला. दिवाळी जवळ होती, घरभर तुपाचा वास.

"मूळ फोटो नाही तर नाही," सरिता म्हणाली. "दोन ओळी लिहून द्या. हात होता ना त्यांचा? बघितलात ना तुम्ही?"

"बघितला ना, वहिनी. नाही कोण म्हणतंय?"

"मग?"

"माझं नागरिकत्व आता कधीही येईल. अशा वेळी शस्त्राच्या फाइलवर माझं नाव? त्यात फोटोत कबीर. उद्या युगेंडाम्टची, त्या बालकल्याण खात्याची, बाई येऊन विचारेल, मुलाला कुठे बसवलं होतं म्हणून. काय सांगू?"

"आणा, आणा म्हणून मागे कोण लागलं होतं, भावजी?"

"मी गंमत केली. आणायचं की नाही ते शेखरने ठरवलं."

सरिताने कप खाली ठेवला. "बरोबर आहे," ती म्हणाली. "गंमत तुमची, हात त्यांचा."

ती बूट घालत असताना ऊर्मिला डबा घेऊन आली. "करंज्या आहेत. तनयाला आवडतात ना." सरिताने डबा घेतला. घेतला नाही तर पुढच्या कार्यक्रमात त्याचीच चर्चा होईल, हे तिला त्या अवस्थेतही सुचलं. याचा राग तिला नंतर बराच काळ आला.

परवाना गेला. आव्हान देता आलं असतं. चंद्रशेखरने दिलं नाही. क्नापमार्फत पिस्तूल हॅनोव्हरच्या एका तरुणाला विकलं गेलं. क्नाप घरी आला. म्हणाला, त्या दिवशी आधी मला फोन केला असतास तर मी नाही म्हणालो असतो. मग म्हणाला, क्लबच्या पिस्तुलावर ये, पाहुणा म्हणून. चंद्रशेखरने मान हलवली. गेला नाही. सरिताने विचारलं तेव्हा म्हणाला, नेम लागेल, पण लक्ष्याकडे कुणी बघणार नाही, सगळे माझ्या हाताकडे बघतील.

डिसेंबरात पत्रपेटीत मंडळाचं नव्या वर्षाचं कॅलेंडर आलं. सरिता उभ्याउभ्याच पानं उलटत गेली. ऑक्टोबरवर दसरा. वर कबीरचा हसरा चेहरा, खाली व्हर्नियर, झेंडूचा ढीग. आणि अगदी कडेला, फुलांवर ठेवल्यासारखा दिसणारा, एका माणसाचा डावा हात. मनगटावर चंद्रशेखरचं रोजचं घड्याळ. काचेवरचा तिरका चराही स्पष्ट होता. हाताखाली काय आहे ते दिसत नव्हतं. नळीचा भाग या वेळी व्यवस्थित कापला होता.

तिने कॅलेंडर चंद्रशेखरपुढे ठेवलं. त्याने ते हात लांब करून, डोळे बारीक करून बघितलं.

"म्हणजे फोटो होता," ती म्हणाली.

"चांगला आलाय."

"वकिलाला पाठवू या."

"मुदत गेली. पिस्तूल गेलं." त्याने पान नीट खाली सोडलं. "शशिकांतचं झालं का काम?"

"झालं. मागच्या रविवारी पेढे वाटले."

"मग झालं तर," तो म्हणाला आणि ताटं घ्यायला उठला.

आता वरण वाढताना त्याची तर्जनी डावाच्या दांड्याभोवती वळते. चारचौघांसारखी. तो कामावर जातो, वेळेवर येतो. दाराला कुलूप लावताना काही म्हणत नाही. शशिकांत कार्यक्रमात भेटतात, 'काय शेखर' म्हणतात. कमांडो म्हणत नाहीत.

केलरमध्ये बटाटे ठेवतात. सरिता ते आणायला जाते तेव्हा शेगड्याजवळून जावं लागतं. सहावा ठोकळा अजून त्यातच अडकलेला आहे. शेजारी कानशी, खाली लाकडाचा भुसा. खिळा ठोकलेला नाही. चाप कुठे यायचा ते ठरलंच नाही. एका बाजूला तळहाताचा उंचवटा आणि आखूड बोटांच्या जागा उमटल्या आहेत. दुसरी बाजू अजून चौकोनी आहे.