तीन वर्षं न उघडलेलं

ऑफिसात त्याला सगळे 'झाडूवाले' म्हणायचे आणि त्याला त्याचं कौतुकच होतं. प्रोग्रामर म्हणून वीस वर्षं काढली, त्यातली निम्मी लोकांच्या सर्व्हरवरचा पसारा आवरण्यात. नियम साधा. जी फाइल तीन वर्षांत कुणी उघडली नाही, ती कुणालाच नको आहे, उडवा. कुणी कुरकुर केली की हा म्हणायचा, "हवी असती तर उघडली असतीत ना?" बरं, घरी तरी माणसानं झाडू खाली ठेवावा! छे! घरच्या कॉम्प्युटरवरही तोच प्रोग्राम, दर रविवारी सकाळी आपोआप चालणारा. वर बायकोला ऐकवायचं, "शिस्त घरापासून लागते."

तर त्या मंगळवारी त्याच्या आईनं सलग चौथ्या दिवशी ताट बाजूला सारलं. तिचं विसरणं वर्षभर वाढतच चाललं होतं. नवरा जाऊन तीन वर्षं झाली हे ती साफ विसरली, पण तो संध्याकाळी सहाला कामावरून येतो हे मात्र पक्कं लक्षात! "हे आल्याशिवाय मी जेवणार नाही," एवढंच धरून बसलेली. त्यातल्या त्यात बरं म्हणजे मुलाला ती अजून ओळखायची. "बाळा, तू खाऊन घे," असं त्यालाच उलट सांगायची.

डॉक्टर सकाळी येऊन बजावून गेले होते. उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही तर दवाखान्यात न्यायचं आणि नाकातून नळी घालायची. नवा माणूस दारात दिसला तरी थरथरणारी ही बाई, तिला चार अनोळखी माणसांनी धरून नळी घालायची?

बायको म्हणाली, "अहो, बाबांचं ते रेकॉर्डिंग आहे ना? ते लावा की. त्यांचा आवाज ऐकून तरी आई दोन घास खातील."

होतं तर! जाण्याच्या महिनाभर आधी बाबांनी मोबाइलसमोर बसून पाण्याची मोटर कशी सुरू करायची ते अकरा मिनिटं समजावलं होतं. मध्येच आई काहीतरी बोलते आणि ते खेकसतात, "अगं, जरा थांबशील का? मी पोराला सांगतोय ना!" मग दोघंही हसत सुटतात. त्यांचा आवाज म्हणून जगात तेवढाच शिल्लक होता. त्यानं तो कॉम्प्युटरवर नीट जपून ठेवला आणि नंतर एकदाही ऐकला नाही. धीरच होत नव्हता हो. एकदोनदा ऐकायला म्हणून बसला, पण फोल्डरपर्यंत पोचायच्या आधीच उठून भांडी घासायला लागला.

आज त्यानं फोल्डर उघडलं. रिकामं.

प्रोग्रामची नोंदवही काढली, तर सगळं स्वच्छ लिहिलेलं. परवाचा रविवार. एक फाइल. तीन वर्षं उघडली नाही. काढून टाकली. दुसऱ्या डिस्कवर प्रत होती, पण पहिलीतून गेलेलं दुसरीतूनही जावं ही सोय यानंच केलेली. जुना मोबाइल यानंच पुसून विकलेला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा! घायकुतीला येऊन त्यानं ऑफिसातल्या मित्राला फोन लावला.

मित्र म्हणाला, "दादा, तुमच्या प्रोग्रामनं पुसलेलं परत येत नाही. तुम्हीच तर तसा लिहिलाय."

फोन ठेवून तो स्वतःलाच मोठ्यानं म्हणाला, "हवी होती म्हणूनच उघडली नाही रे, गाढवा!" आणि ढसाढसा रडला.

सहाला पाच कमी होते. तोंड धुऊन तो घराबाहेर गेला, दार ओढून घेतलं, आणि बाबा वाजवायचे तसं दोनदा जोरात वाजवलं. घसा खरवडून जाड आवाजात ओरडला, "अगं, उघड! किती वेळ उभा करशील?"

आत खुर्ची सरकली. आईनं स्वतः दार उघडलं. त्याच्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा असा काही फुलला, की बायको तोंडाला पदर लावून आत पळाली.

"केवढा उशीर हो," आई म्हणाली आणि त्याच्यासमोर बसून, ताट पुढं ओढून जेवायला लागली. एक घास, दोन, पाच. तो मोजत होता. सहाव्याला ती थांबली.

"अहो, आपला बाळ कुठंय? किती दिवसांत दार उघडून आत आला नाही." तिचे डोळे भरले. "नको झालो असू हो आपण त्याला."

"आई, मी..." त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिच्या हातातला घास अजून ताटावरच अडला होता.

"असं नाही गं," तो बाबांच्या आवाजात म्हणाला. "येईल तो. तू जेव."