मुरूम नसलेली विहीर

माझं संशोधन मंगळाच्या जमिनीवर आहे आणि ते मी परतूरच्या घरात, पंख्याखाली बसून करतो. मंगळाभोवती फिरणारी यानं वरून फोटो काढतात. त्यातले दगड आणि खड्डे ओळखायचे, हे माझं काम. नातेवाइकांच्या मते हा शुद्ध रिकामा उद्योग. आईला तसं वाटत नाही, पण तिचाही विश्वास अर्धाच.

एकदा डाळ निवडता निवडता तिने स्क्रीनकडे पाहिलं. "एवढ्या हिरी कुणी खंदल्या रे?"

मी खूप हसलो, पण चूक अगदी आमच्याकडची होती. आमच्याकडे विहीर खणली की निघालेला मुरूम काठावरच टाकतात. लांबून आधी तो ढीग दिसतो, मग विहीर. उल्का आदळून झालेला खड्डाही तसाच, आतला माल बाहेर उडून काठावर साचलेला. मग मी गंमत म्हणून एकेका 'विहिरीचा' मुरूम शोधत बसलो. लाव्हाच्या पठारावर एक खड्डा असा निघाला, की त्याला मुरूमच नाही. काठ सपाट. मग आतला माल गेला कुठे? खाली गेला असेल, तर खाली पोकळी होती: लाव्हा वाहून गेल्यावर उरलेलं भुयार, आणि हे त्याचं कोसळलेलं छत. मला जेवण सुचेना.

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी फोनवर हवाच काढून घेतली. "जुना खड्डा असेल. वाऱ्यानं काठ झिजला असेल." त्यांचंही बरोबर होतं. पण जुना खड्डा धुळीनं भरत जातो, त्याचा तळ उजेडात दिसायला हवा. माझ्या फोटोत एवढं बारीक कळत नव्हतं. प्रबंधाचं अख्खं प्रकरण त्या तळापाशी अडकून पडलं.

त्याच जागेचा जास्त स्पष्ट फोटो आला त्या दुपारी नेमकी लाइट गेली. मोबाइलच्या नेटवर फाइल उतरता उतरेना. मी चिडून घरभर फेऱ्या मारत होतो.

"तो खड्डा काय पळून चाल्लाय का?" आई म्हणाली. "बस की जरा."

फोटो उघडला. शेजारच्या खड्ड्यांत ऊन तळापर्यंत पोचलं होतं, वाळूच्या लाटासुद्धा मोजता आल्या असत्या. माझ्या खड्ड्यात मात्र काळं कुळकुळीत. कितीही उजळ केलं तरी तळ नाही. मी ओरडलोच. मॅडमना फोटो पाठवला, तर त्यांचा लगेच फोन आला, "प्रकरण लिहायला घे."

"मंग आता तिथं उतरून बघणार का कुणी?" आईने विचारलं.

"न्हाई गं. माझ्या जिंदगीत तरी न्हाई."

"म्हंजे आत काय हाय ते तुला कधीच दिसणार न्हाई?"

आनंदाच्या भरात हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. एकदम वाईट वाटलं, अगदी रडू येईल इतकं. मी लॅपटॉप मिटायला गेलो.

आईने माझा हात धरला. पदराने चष्मा पुसला आणि स्क्रीनजवळ सरकली. "थांब. अजून मोठं कर. डाव्या अंगाला बघ, काही दिसून राह्यलं का?"