आजोबांच्या कोटाचा चौबगला

कोट टेबलावर उलटा पसरला होता. मी खालून हात घातला, तर पाठीच्या कापडातून माझी बोटं मलाच दिसली.

"कसर लागलीय," मी म्हणाले. "पाठीला, कॉलरखाली, खिशाच्या झाकणाला. लोकरीचं कापड पेटीत पडून राहिलं की असंच होतं."

टेबलापलीकडे प्रज्ञा उभी होती. पुण्यातली नोकरी सोडून गावात शेती करायला आलेली आणि नुकतीच गावची सरपंच झालेली. तिचे थोरले चुलते, नाना, दुकानाच्या पायरीवर उभे होते. आत या म्हटलं तरी आले नव्हते.

"ताई, नीट होईल का तेवढं सांगा," प्रज्ञा म्हणाली. "सव्वीस जानेवारीला घालायचाय. झेंडावंदनाला."

"भोकं बुजतील. पण हा पुरुषाचा कोट आहे, तोही चांगल्या उंचपुऱ्या माणसाचा. तुझ्या अंगावर बसवायचा तर कापावा लागेल."

पायरीवरून आवाज आला, "कात्री लावायची न्हाई."

"नाना, अहो ऐकून तरी घ्या..."

"न्हाई म्हंजे न्हाई. भोकं बुजवा, साफ करा, काय करायचं ते करा. बापाच्या कोटाला कात्री लागली, तर मी त्या झेंड्याला यायचो न्हाई."

एवढं बोलून ते रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसले. प्रज्ञाने माझ्याकडे पाहिलं. मी कोटाकडे पाहिलं.

माझं जुन्नरमध्ये ऑल्टरेशनचं दुकान आहे. लग्नाआधी मी पुण्यात एका सूट शिवणाऱ्या कारखान्यात होते. तिथे बायका काजं-बटणं करायच्या. मी हट्टाने कोटाच्या टेबलावर बसले आणि कोट शिकले. जुन्नरला आले तेव्हा कोट शिवून घेणारं गिऱ्हाईक फारसं नव्हतं. रेडीमेड ब्लेझर आले होते. मग मी जुन्या कपड्यांच्या कामाला लागले. सासूच्या शालूचा सुनेला घागरा, आईच्या इरकलीचं जॅकेट, वडिलांच्या धोतराचं बाळाला दुपटं. लोक कपडा घेऊन येतात आणि बरोबर घरातलं एखादं भांडणही घेऊन येतात. याला द्यायचा की तिला, कापायचा की ठेवायचा. त्याची मला सवय आहे.

प्रज्ञाच्या घरचं भांडण मात्र वेगळं होतं. दोघांनाही तो कोट जपायचाच होता.

तिचे आजोबा मुंबईला गोदीत कामाला होते. तिथल्या पगारातून त्यांनी हा तपकिरी लोकरी कोट शिवून घेतला आणि तो घालून गावी आले. गावकुसाबाहेरच्या आमच्या वस्तीतला पहिला कोट, असं प्रज्ञा सांगत होती. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. डिंगोऱ्यावरून मढकडे जाताना आत वळावं लागतं, एवढं पुरे.

"कोट घालून ते चावडीवर गेले होते," ती म्हणाली. "लोकांना आवडलं नाही. पुढचं नाना सांगतील तर सांगतील. आता त्याच जागी ग्रामपंचायतीचं ऑफिस आहे. तिथेच मला झेंडा फडकवायचाय, ताई. हाच कोट घालून."

"बरं," मी म्हणाले. "कात्रीशिवाय जेवढं होईल तेवढं करू."

पहिलं काम किड्याचं. कसर झटकली तरी तिची बारीक अंडी कापडात राहतात. नुसतं ऊन दाखवून ती सगळी मरतात असं नाही. कडक थंडीत मरतात. मी कोट प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत घट्ट बांधला आणि शेजारच्या आइस्क्रीमवाल्याकडे गेले. थंडीचे दिवस, त्याचा डीप फ्रीज अर्धा रिकामाच होता.

"काय हाय त्यात?" त्याने विचारलं.

"कोट."

"ताई, कुल्फीला कोटाचा वास आला तर गिऱ्हाईक तुमच्याकडं पाठवीन."

तरी ठेवून घेतला. चांगला आठवडाभर गोठल्यावर कोट बाहेर काढला, सावलीत वाळवला, ब्रशने झटकला. मग अस्तर उसवलं. कोटाच्या आत बरंच काही असतं. वरचं कापड, आतलं अस्तर आणि दोन्हींच्या मधे छातीला आकार देणारं जाड कॅनव्हास. कॅनव्हास शाबूत होतं. मुंबईच्या त्या शिंप्याने हाताने घातलेले टाके अजून घट्ट होते. खांद्यातल्या कापसाच्या मात्र गाठी झाल्या होत्या. त्या काढून टाकल्या. बगलेतलं अस्तर वाळलेल्या पापडासारखं कडक झालं होतं. बोट लावलं की तुकडा पडायचा. मी ते वेगळं काढून एका पिशवीत ठेवलं.

मग रफू. रफू म्हणजे ठिगळ नाही. त्याच कापडाचे धागे घ्यायचे आणि भोकावर सुईने उभे-आडवे परत विणायचे. धागे मिळतात खालच्या घडीतून, जिथे कापड आत दुमडलेलं असतं. मी नानांना फोन केला.

"नाना, खालच्या घडीतले धागे उपसायला लागतील."

"कात्री लागती का?"

"नाही. सुई."

"मग उपसा."

रफूला सर्वांत जास्त वेळ गेला. पाठ झाली, झाकण झालं, कॉलर झाली. नंतर कोट लहान करायला घेतला. बाजूच्या आणि पाठीच्या शिवणी आत घेतल्या, पण जास्तीचं कापड न कापता आत दाबून टाचून ठेवलं. उद्या कुणाला पुन्हा मोठा करायचा असेल तर उसवलं की झालं. बाह्या लांब होत्या, त्याही आत दुमडल्या. बटणपट्टी पुरुषी बाजूची होती. बदलायची का, असं प्रज्ञाला विचारलं.

"राहू दे. आजोबा लावायचे तसंच मी लावीन."

ट्रायलला ती आली आणि कोट घालून आरशासमोर उभी राहिली. खरं सांगते, मला माझंच कौतुक वाटलं. शोल्डर जरा उतरता होता, पण वाईट दिसत नव्हता. पाठ सरळ पडली होती. रफू कुठे केलंय ते मला माहीत होतं म्हणूनच दिसत होतं.

"मस्त बसलाय," ती म्हणाली आणि झेंड्याची दोरी ओढल्यासारखे दोन्ही हात वर केले.

टर्रकन आवाज आला.

उजव्या बगलेमागे कापड वीतभर फाटलं होतं. ती हात वर धरून तशीच थांबली. मग हळूच हात खाली घेतले.

"माझ्यामुळं फाटला?"

"नाही गं. जिथे जुना घाम मुरलाय, तिथलं कापड आतून कुजलंय. आणि या कोटाचा मुंढा खोल आहे."

मुंढा म्हणजे बाही जिथे अंगाला जोडतात तो गोल. तो खोल असला आणि कोट अंगाबरोबर आवळला, की हात वर करताना अख्खा कोट वर ओढला जातो. सगळा ताण बगलेवर येतो. मी कोट आवळला होता, आणि ट्रायलला हात वर करून बघायचं मला सुचलं नव्हतं.

"एक करता येईल," मी म्हणाले. "नुसता खांद्यावर टाक. दिसायला छान दिसेल."

"फोटोपुरता?" तिचा आवाज चढला. "ताई, गावात दोघंतिघं आधीच म्हणालेत, तुम्ही नारळ फोडा, दोरी उपसरपंच ओढतील. आता मी कोट सांभाळत उभी राहिले तर त्यांना तेच पाहिजे. मला दोरी ओढायचीय. कोट घालूनच ओढायचीय."

मी कोट परत टेबलावर घेतला.

उपाय मला माहीत होता. जुन्या सदऱ्याला, बाराबंदीला बगलेखाली एक चौकोनी तुकडा लावायचे. त्याला चौबगला म्हणतात. शेतात काम करणाऱ्याचा हात मोकळा वर जावा म्हणून तो असतो. कोटाला सहसा कोणी लावत नाही, पण लावता येतो. फाटलेली जागाही त्यातच झाकली जाते. फक्त कापड तेच हवं. दुसरं तपकिरी कापड लावलं असतं तर हात वर केल्याबरोबर ठिगळ गावाला दिसलं असतं. शिवणींत दाबलेलं कापड अरुंद होतं. चौकोनाला पुरेल असं कापड एकाच ठिकाणी होतं, बाहीच्या आत दुमडलेलं. ते काढायचं म्हणजे कात्री.

"मी नानांशी बोलते," प्रज्ञा म्हणाली.

"नको. फाटला माझ्या टेबलावर. मीच बोलते."

दुसऱ्या दिवशी सकाळी कोट पिशवीत घालून मी स्कूटरवर गावी गेले. नाना कांद्याला पाणी देत होते. मला बघून त्यांनी बारं मोडून पाणी दुसऱ्या वाफ्यात सोडलं आणि बांधावर येऊन बसले. मी कोट उलगडला आणि फाटलेली जागा तशीच समोर धरली. काही लपवलं नाही.

त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला.

"घामानं कुजलाय म्हणता?"

"हो. घामात खार असतो, तो कापड खातो. अस्तर तर हातात आलं."

"एका दिवसाचा घाम हाय त्यो," नाना म्हणाले. "आयनं सांगितलेलं. वैशाखाचं ऊन. बाप कोट घालून चावडीवर गेला. लोक म्हणलं, आधी कोट काढ, मग काय त्ये बोल. बाप काय बोलला न्हाई. पायरीवर बसला. बटणं लावून, हाताची घडी घालून. कुणी हात लावला न्हाई, कुणी पाणी दिलं न्हाई. दिवस कलला तवा उठला आन् घरी आला. पर कोट काढला न्हाई."

मी कोट मांडीवर घेतला.

"म्हणून म्हणलं कात्री नको. त्यानं अंगावरनं उतरवला न्हाई, आन् आमी तुकडं करायचं?"

"नाना, तुकडे करायचे नाहीत. बाहीच्या आतली पट्टी काढायची आणि याच कोटाच्या बगलेत बसवायची. कोटाचं कापड कोटातच राहील. नाही केलं तर प्रज्ञाचा हात वर जात नाही."

"वरच जात न्हाई?"

"गेला तर फाटतो."

नानांनी स्वतःचे दोन्ही हात वर उचलून पाहिले, दोरी ओढल्यासारखे. मग खाली घेतले आणि छातीशी घडी घातली. बांधावर तसेच बसून राहिले.

"बापाला हात वर करायचं काम पडलं न्हाई," ते हळू म्हणाले. "त्याला निस्तं बसायचं व्हतं. हिला वर करायचाय."

पाणी वाफ्यातून बाहेर वाहायला लागलं होतं. ते उठले, फावडं उचललं.

"कापा," म्हणाले. "आन् त्ये अस्तर टाकलं का?"

"नाही. पिशवीत ठेवलंय."

"त्ये मला द्या."

मी दुकानात येऊन बाहीतल्या पट्ट्या काढल्या. पुढच्या आयुष्यात कितीही कापड कापलं तरी ती कात्री धरताना हात जसा जपून चालला, तसा पुन्हा चालेल असं वाटत नाही. पट्ट्या जोडून दोन चौबगले केले. दोन्ही बगलांना बसवले; एकालाच लावला असता तर कोट एका अंगाला ओढला असता. कुजलेल्या जागेमागे पातळ सुती कापडाचा आधार दिला. नवं अस्तर घातलं, मऊ आणि जरा सैल.

दुसऱ्या ट्रायलला प्रज्ञाला मी दहा वेळा हात वर करायला लावले. शेवटी ती हसायला लागली. कोट जागचा हलला नाही.

सव्वीस जानेवारीला सकाळी मी गेले. थंडी इतकी होती की शाळेची पोरं हात काखेत घालून उभी होती. प्रज्ञाने पांढऱ्या साडीवर कोट घातला होता, बटणं लावून. म्हातारी माणसं कोटाकडे बघत होती. कुणाला ओळख पटली, कुणाला नाही. उपसरपंच बाजूला उभे होते. त्यांनीच दोरी सोडवून तिच्या हातात दिली.

तिने हात वर घेतले आणि एकाच झटक्यात दोरी ओढली. झेंडा सुटला, फुलं खाली आली. सगळ्यांचे डोळे वर होते. माझे तिच्या बगलेवर. शेजारी पाहिलं, तर नानांचेही तिथेच. शिवण धरून आहे हे दिसल्यावर त्यांनी वर पाहिलं आणि सलामी दिली. राष्ट्रगीत संपेपर्यंत त्यांचे डोळे गळत होते. त्यांनी पुसले नाहीत, आणि मीही बघितलं असं दाखवलं नाही.

मला वाटलं होतं, कोट आता परत पेटीत जाईल. मी डांबराच्या गोळ्यासुद्धा दिल्या होत्या.

थंडी सरता सरता नाना दुकानात आले. या वेळी चपला काढून आत. कोट टेबलावर ठेवला. एक बटण गेलं होतं, खिशाजवळ पेनाची शाई सांडली होती आणि कोपराला कापड चकचकीत झालं होतं.

"बगा आता," ते वैतागून म्हणाले. "तहसीलला घालून जाती, पंचायत समितीच्या मीटिंगला घालती. परवा पाइपलाइन बगायला चारीत उतरली, तीबी कोट घालून. हिला काय कळतं का न्हाई?"

"बटण लावते, शाई काढून बघते. तुम्ही बसा, चहा सांगते."

ते बसले.

या धंद्यात मला एवढं कळलंय की पेटीतल्या कोटाचं बटण कधी तुटत नाही. म्हणून जुना कपडा दुरुस्तीला परत आला, की मी गिऱ्हाइकाला बोल लावत नाही. दोरा ओवून घेते.