चार वाट्या जिरे

माझं मराठी स्वयंपाकघरातलं. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये मी वाढले. दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. मराठी उरलं ते आईच्या ओट्यापाशी. तरी त्याच मराठीच्या जोरावर मला ती नोकरी मिळाली. तलावांत, शेततळ्यांत मासे वाढवून पोट भरणाऱ्या कुटुंबांची पाहणी चालू होती. पूर्व विदर्भातून हाताने भरलेले फॉर्म दिल्लीच्या आमच्या ऑफिसात येत आणि मी ते कंप्युटरवर चढवत असे.

उन्हाळ्यातल्या लांबलचक दुपारी. पडदे ओढलेले, कूलर घुमतोय. घरात माणसं किती, तलाव किती दूर, जाळं स्वतःचं की मच्छीमार सोसायटीचं. वाचता वाचता डोळे जड होत आणि कधी न पाहिलेलं ते पाणी समोर पसरत जाई. कमळाची पानं, काठावर वाळत घातलेलं जाळं, गुडघाभर पाण्यात पाठमोरी उभी असलेली बाई. ती वळणार, एवढ्यात कुणी तरी चहाला हाक मारी.

‘गेल्या वर्षी काय काय आणलं?’ या प्रश्नापुढे बऱ्याच जणांनी ‘जिरे’ लिहिलं होतं. मी ते किराणा सामानात टाकत गेले. हळद-मोहरी कुणीच कशी लिहीत नाही, असं एकदा मनात आलं, पण हात थांबले नाहीत.

मग एक फॉर्म आला. ‘जिरे, चार वाट्या. निम्मे मेले.’

मी खाली दिलेल्या नंबरवर फोन लावला. एका बाईंनी उचलला. फॉर्म त्यांचाच होता.

"जिरे मेले म्हणजे काय हो?" मी विचारलं.

"मॅडम, तुम्ही मासोळीच्या ऑफिसातल्याच ना?"

"हो."

"मग जिरे नाही माहीत?"

त्या हसल्या नाहीत. पहिलीतल्या मुलीला समजवावं तसं सांगू लागल्या. अंड्यातून नुकतंच निघालेलं माशाचं पिल्लू म्हणजे जिरे. थोडं वाढलं की बीज. बोटाएवढं झालं की बोटुकली. "वाटीत घेतलं तर नुसतं पाणीच वाटते जी. उन्हात धरलं की बारके बारके डोळे दिसतात."

"आणि मेले कसे?"

"बीज केंद्रापासून गावापर्यंत रस्ता लांबचा. प्लास्टिकच्या पिशवीतलं पाणी तापलं. मी मांडीवर घेऊन बसली होती, पदरानं झाकून. तलावावर पोचून पाहतो तर निम्मे खाली बसलेले." मग म्हणाल्या, "याबद्दल कोणी विचारलंच नव्हतं आजवर."

फोन ठेवून मी आधी चढवलेले फॉर्म पुन्हा काढले. इतक्या घरांनी जपून आणलेली ती पिल्लं, बोटाएवढीसुद्धा नव्हेत, सहज डोळ्यांना न दिसणारी, आणि मी त्यांना फोडणीत घालून बसले होते.

संध्याकाळी मी आमच्या वरिष्ठ बाईंसमोर उभी राहिले. "मैडम, बहुत बड़ी गलती हो गई."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून डोळे चोळले. रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "आपने कभी देखा है? मैंने भी नहीं देखा."

श्रावणात आम्ही दोघी हरियाणात झज्जरच्या बाजूला, एका मत्स्यबीज केंद्रावर गेलो. सिमेंटच्या गोल हौदात पाणी संथ फिरत होतं. तिथल्या माणसाने पांढरी वाटी बुडवून माझ्या हातात दिली. पाणीच होतं. मी ती उन्हात तिरकी केली आणि एकाएकी ते पाणी माझ्याकडे बघू लागलं. शेकडो काळे ठिपके, प्रत्येक ठिपक्यामागे काचेचा एक धागा. किती वेळ तशी उभी होते कोण जाणे. मागून वरिष्ठ बाईंचा हळू आवाज आला, "चलो, अब मुझे भी दो."

परत येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतांत पाणी साचलं होतं आणि त्यात ढग सरकत होते.

त्यानंतर मी ‘जिरे’ लिहिलेल्या एकेका घरी फोन केला. वाटेत किती पिल्लं गेली, पिशवी कुणी सांभाळली, हे विचारत गेले. फोन बहुतेक पुरुषच उचलत, आणि हा प्रश्न आला की म्हणत, "थांबा, तिला देतो." अहवालात त्या उत्तरांचं वेगळं पान झालं. दिवाळीच्या आधी ते छापून आलं, तेव्हा मी ते घरी नेऊन आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ‘जिरे’ आणि ‘बोटुकली’ या दोन शब्दांवर अडखळले. माशांचे म्हणून ते तिलाही माहीत नव्हते.