ताईला आणायला डिंगोऱ्याला गेले

माझी थोरली बहीण मार्था मिशनरी आहे आणि मला तिचा हेवा वाटतो. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना मला कोणी भली बाई समजायला नको. नर्सिंग शिकून ती जुन्नर तालुक्यातल्या मिशनच्या दवाखान्यात गेली, ती तिथलीच झाली. शेवटच्या आजारात आईचं सगळं मी केलं, पण आईच्या तोंडी नाव मार्थाचं. गेल्या वर्षी माझे यजमान गेले. तेव्हा ठरवलं, आता बास झालं. सत्तरीला टेकलेल्या ताईला पुण्याला माझ्याकडे घेऊन यायचंच.

वाकडेवाडीहून सकाळची नाशिककडे जाणारी एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट आहे, उगाच स्वतःची गाडी काढू नका. मंचरला भीमाशंकरचे भाविक उतरले आणि मला खिडकी मिळाली. आळेफाट्याला उतरून मिसळ खाल्ली. तर्री वेगळी मागा, नाहीतर माझ्यासारखं डोळ्यांतून पाणी काढत बसाल. तिथून कल्याणकडे जाणारी गाडी ओतूरवरून डिंगोऱ्याला सोडते. उजेड असतानाच पोचा, उसात बिबट्या असतो.

डिंगोऱ्याच्या फाट्यावर उतरून एका कांदेवाल्याला ताईचा पत्ता विचारला.

"सिस्टरबाईंच्या भन व्हय तुमी? मग आधी नाय का सांगायचं! बसा गाडीत. माझ्या तिन्ही पोरी त्यांच्याच हातच्या."

वाटेत तो मला ताईबद्दल सांगत राहिला. ताईला चहात साखर चालत नाही, ताईचा डावा गुडघा दुखतो. माझ्या बहिणीबद्दल, मला! मी 'हो का' म्हणत राहिले आणि आतून जळत राहिले.

ताईचं घर दोन खोल्यांचं. दवाखाना कधीच बंद पडला, तरी ओटीवर कोणी ना कोणी पाय सोडून बसलेलं असतंच. कोणाची जखम धुवायची, कोणाच्या गोळ्या वाचून सांगायच्या. जेवताना मी मुद्दाम खोचून विचारलं, "एवढी वर्षं राहिलीस. किती जणांना प्रभूकडे आणलंस गं?"

"एकालाही नाही," ताई भाकरी मोडत म्हणाली. "मी बाळं आणायचे. बाकीचं त्याचं तो बघेल."

पहाटे तिच्या प्रार्थनेनं जाग आली. ती एकेकाचं नाव घेऊन देवाशी बोलत होती, शेजारणीशी बोलावं तशी. हौसाबाईचा दमा, कांदेवाल्याची धाकटी, कोणाची तरी परीक्षा. मी पांघरुणात माझ्या नावाची वाट बघत होते. आलं, पण एका गाभण गाईनंतर.

चहाच्या वेळी मी फुटलेच. "गाईनंतर मी?"

"गाय अडली आहे. तू अडली आहेस का?"

"ताई, तुझं वय झालंय. तुला बघायला इथे कोण आहे? चल माझ्याकडे."

तिनं कप खाली ठेवला. "सुनी, मला बघायला माणूस नाही म्हणून न्यायला आलीस, की तुला एकटीला घर खायला उठतंय म्हणून?"

मला रडू आलं. तिनं माझी पाठ थोपटली, हवे तितके दिवस राहा म्हणाली, पण येते म्हणाली नाही. दोन दिवस मी अबोला धरला. त्या अबोल्यातही ती मला वेळेवर गरम भाकरी वाढत होती, त्यामुळे तो नीट धरताही आला नाही.

निघायच्या दिवशी अंगणात पाच-सहा बायका आल्या. पुढे हौसाबाई, ताईची शेजारीण, हातात सूप. सुपात तांदूळ, नारळ, खण. हळद-कुंकू नव्हतं. "बाईंच्यात ते न्हाई, म्हून आमी बी ठिवत न्हाई," ती म्हणाली. "पदर पसरा."

मी मागे सरले. यजमान गेल्यापासून आमच्या सोसायटीतल्या बायकांनी मला संक्रांतीच्या वाणाला बोलवणं बंद केलंय. "अहो, मला नवरा नाही. माझी ओटी कशी भरता?"

"बाईंना तरी कुठं नवरा हाय? त्यांची आमी दरसाल भरतो. लेक म्हायेरातून निघाली की तिचा पदर रिकामा नसतो, एवढंच आमाला ठावं."

मी ताईकडे पाहिलं. ती दारात उभी राहून डोळे पुसत होती. मी पदर पसरला. हौसाबाईनं ओंजळ-ओंजळ तांदूळ घातले आणि म्हणाली, "दिवाळीला या. न्यायला माणूस धाडू का?" ताईला न्यायला आलेली मी, आणि मलाच न्यायला माणूस धाडायची बोलणी चालली होती.

पुण्याला पोचले तर लिफ्टमध्ये शेजारच्या काकूंनी विचारलं, "बहिणीला आणणार होतात ना?"

"माहेर कोणी उचलून आणतं का हो?" मी म्हटलं.

घरी येऊन ओटीचे तांदूळ शिजवले, एकटीनेच खाल्ले. हेवा गेला का म्हणाल, तर नाही गेला. आधी मला ताईचा हेवा वाटायचा. आता हौसाबाईचा वाटतो. तिला ताई रोज दिसते.