नऊ विसा भाकरी

"हिला नगा बसवू मोजायला. इंग्रजी शाळंतली हाय ती. मागं सणसरला दहा माणसं ताटकळली व्हती."

चुलीपाशी बसलेली शेजारीण हळू बोलली, पण मला ऐकू येईल इतपतच. खोटं काही नव्हतं. सणसरच्या वास्तुशांतीला मी एकोणसत्तर माणसं मोजली आणि सांगताना एकोणसाठ म्हणाले. दहा पानं कमी मांडली गेली. तेव्हापासून मावसभावंडं मला 'एकोणसाठ' अशीच हाक मारत. बारामतीच्या शाळेत गणितात माझा पहिला नंबर यायचा, पण मराठीत आकडा सांगायची वेळ आली की सगळे 'एकोण' मला सारखेच वाटायचे.

आज निरवांगीला मावसबहिणीच्या बाळाचं बारसं होतं. आमटी अंगणात शिजत होती आणि भाकरी गल्लीतल्या घराघरांतून येत होत्या. मावशीचे सासरे, म्हणजे आबा, यांनी बजावलं होतं की नऊ विसा भाकरी झाल्याशिवाय पंगत बसवायची नाही.

मावशीची थोरली जाऊ कधी शाळेत गेली नव्हती. तिने शेजारणीकडे न बघताच माझ्याकडे पाट सरकवला.

"बस पोरी. ईस झाल्या की एक मिरची बाजूला ठिवायची. फुडली चवड पुन्ना एकपासनं."

वीस झाल्या, एक मिरची. पुन्हा एक, दोन, तीन. तिसऱ्या मिरचीला माझ्या लक्षात आलं की मला विसाच्या पुढचा आकडाच लागत नाहीये. शाळेत आम्ही दहाऐवजी पाचाच्या, दोनाच्या पायावर संख्या लिहायचो. ते परीक्षेपुरतंच असतं असं मला वाटायचं. इथे पाया विसाचा होता. डावीकडे मिरच्या, उजवीकडे सुट्या भाकरी.

शेवटी आठ मिरच्या झाल्या आणि चवडीत एकोणीस. मनात मी इंग्रजीत 'वन सेव्हंटी-नाइन' म्हटलं. मराठीत एकशे एकोणऐंशी की एकशे एकोणनव्वद? इथेच मी अडले असते. पण समोरच्या चवडीत फक्त एक भाकरी कमी होती. तेवढंच.

थोरलीने तव्यावरची भाकरी काढून चवडीवर टाकली.

"आता चार पंगतींच्या चार टोपल्या भर. हर चवडीतनं पाच-पाच."

तेही सरळ होतं. विसा पुऱ्या असल्या की चार वाटे करायला भागाकार लागत नाही.

"किती झाल्या गं?" अंगणातून आबांनी विचारलं.

शेजारीण माझ्याकडे बघत राहिली. मावशी माझ्या वतीने बोलणार होती, त्याआधीच मी नववी मिरची ठेवली आणि उठून दारात गेले.

"पुऱ्या नऊ विसा आहेत, आबा. पंगत बसवा."